भिंतीवर टांगलेलं अर्धं विमान

अमेरिकेहून परत आलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. थंडी किती होती, आणि नायगारा पाहिला का? नायगारा पाहिला. त्यावर लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवलं आहे, मी भर घालणार नाही. मला लिहायचं आहे ते २००४ च्या मे महिन्यातल्या चार दिवसांबद्दल. त्या चार दिवसांत मी इतकी संतापलेली होते की माझ्या मुलाने मला हाताला धरून गाडीत बसवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. नागपूरला येऊन दोन महिने झाले. वाटलं होतं, इथल्या उन्हात तो राग वाळून जाईल. गेला नाही. म्हणून लिहायला बसले.

मी कोण ते आधी सांगते. मी खानझोडे मॅडम. सरकारी पॉलिटेक्निकमध्ये चौतीस वर्षं इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवलं. म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि मुलांची काळी झालेली बोटं. निवृत्त झाले, आणि निखिल म्हणाला, "आई, आता कसलं कारण सांगणार आहेस?" कारण उरलं नव्हतं, म्हणून गेले.

ट्रॉय

निखिल डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात राहतो. मोटारींच्या सीटचं डिझाइन करतो, कॉम्प्युटरवर. सून मुग्धा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी साडेसातला दोघं दोन गाड्यांतून दोन दिशांना जात, आणि त्यानंतर त्या अख्ख्या गल्लीत मी आणि खारी एवढ्याच उरत असू. रस्ते इतके स्वच्छ, की वैताग यावा. माणूस कसा तो दिसायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मी धुतलेल्या साड्या मागच्या डेकच्या कठड्यावर वाळत घातल्या. चांगलं ऊन होतं, का नाही घालायच्या? तर चौथ्या दिवशी कॉलनीच्या असोसिएशनची चिठ्ठी आली: बाहेर कपडे वाळत घालणं नियमात बसत नाही. ऊन फुकट असताना मशीन चालवून कपडे वाळवा, असा तो नियम. मी चिडून चिठ्ठी टराटरा फाडत होते, तेवढ्यात मागच्या कुंपणापलीकडून एक म्हातारी ओरडली, "फाड, फाड! माझ्याकडे अशा अकरा आहेत!"

ही एल्साबाई. वय ऐंशीच्या घरात, उंचीने माझ्या खांद्याला, हात सतत थरथरणारे. पन्नास वर्षं अमेरिकेत राहूनही इंग्रजी असं बोलायची की प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक वेलांटी लोंबायची. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर मला 'प्रोफेसोरेसा' म्हणू लागली. मी तिला एल्साबाई म्हणे, आणि तिला ते नावच वाटे. दुपारी मी तिच्याकडे जायची. ती टोमॅटोची रोपं लावत असे, मी दांड्या रोवून द्यायची.

तिच्या स्वयंपाकघरात एक फोटो होता. तळं, काठावर पत्र्याची मोठी शेड, शेडमधून पाण्यात उतरत जाणारा उतार. "इटली," ती म्हणाली. "लढाई संपल्यावरची. आम्ही इथे विमानं करायचो. म्हणजे करणार होतो."

मग तिने किराण्याच्या कागदी पिशवीच्या पाठीवर पेन्सिलीने काढून दाखवलं. हात थरथरत होता, पण रेघ जिथे जायची तिथेच गेली. मी चौतीस वर्षं रेघा तपासल्या आहेत, मला कळतं. सहा माणसांचं विमान. पोट होडीचं. पंख खांद्यापासून वर चढून मग आडवे झालेले. पाण्यावर उतरेल, आणि पोटाच्या दोन्ही अंगांना दुमडलेली चाकं बाहेर काढली की धावपट्टीवरही उतरेल.

"लढाईत धावपट्ट्या बॉम्बनी फुटलेल्या," ती म्हणाली. "तळी कशी फुटणार? म्हणून असं विमान." दुसरं याहून मोठं, चार इंजिनांचं, बेटांवरून माणसं ने-आण करायला. तिसरं दोघांपुरतं एवढंसं, पंख दुमडून गोठ्यात ठेवता येईल असं.

"यातलं बांधलं कुठलं?" मी विचारलं.

"एकही नाही. हरलेल्या देशाला विमानं बांधू देत नाहीत. नंतर देऊ लागले, तेव्हा इंजिनं मिळेनात. इंजिनं मिळाली, तेव्हा मालकाकडे पैसे नव्हते. शेडमध्ये पत्रा पडून होता. त्याचे दुधाचे कॅन केले. माझ्या जीनोने चार वर्षं त्या कॅनना कान बसवले."

जीनो म्हणजे तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी वारलेला. मला भयंकर राग आला. विमान काढणाऱ्या माणसाला दुधाच्या कॅनला कान बसवायला लावले! मी तसं म्हणालेही. एल्साबाईने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण कॉफी उतू गेली आणि ती उठली.

या विमानांची मूळ चित्रं तिने अमेरिकेला येताना आणली होती. ट्रेसिंग लिननवर काढलेली, म्हणजे मेण दिल्यासारखं पातळ निळसर कापड असतं त्यावर काळ्या शाईने. जीनो गेल्यावर ईरीच्या तळ्याकाठी पाण्यातल्या विमानांचं खासगी संग्रहालय चालवणारा एक माणूस आला, 'तुमच्या नवऱ्याचे कागद' मागितले आणि छत्तीसच्या छत्तीस चित्रं घेऊन गेला. बदल्यात पत्र दिलं: सगळी एकत्र ठेवू, विकणार नाही, नावानिशी मांडू.

आम्ही महिनाअखेरच्या लाँग वीकेंडला न्यू जर्सीत निखिलच्या मित्राच्या वास्तुशांतीला जाणार होतो. ईरी वाटेवर. एल्साबाईने त्या पत्राची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. "फक्त बघून ये, प्रोफेसोरेसा. सपाट ठेवली आहेत का. गुंडाळली की शाई तडकते."

ईरी

मुग्धाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच निघालो. वाटेत रेस्ट एरियात दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब चटणीच्या वासाने उठून लांब गेलं. निखिलला त्याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

संग्रहालय म्हणजे तळ्याकाठचं एक जुनं बोटींचं गोदाम. छान रंगवलेलं. आत जुनी दोन-तीन विमानं, नकाशे, टोप्या, कपबश्या. चालवणारा ग्रेग नावाचा साठीचा माणूस, हसतमुख. हसतमुख माणसाशी भांडणं फार अवघड जातं, हे मी तिथे शिकले.

इटलीचा कोपरा सापडला. एल्साबाईच्या छत्तीस चित्रांपैकी एक, फक्त एक, काचेखाली. वर मोठ्या अक्षरांत पाटी: 'उडणारे टब'. खाली लिहिलेलं, की हरलेल्या देशातल्या स्वप्नाळू लोकांनी अशी सुंदर पण अशक्य विमानं कागदावर काढली, आणि सुदैवाने ती कुणी बांधली नाहीत. सुदैवाने! पाटीशेजारी कुणीतरी थर्माकोलचा न्हाणीचा टब करून त्याला पंख चिकटवले होते. एक बाप आपल्या मुलींना ते दाखवून खो-खो हसत होता. नाव कुठेही नव्हतं; चित्राचा खालचा कोपराही त्या मजकुराच्या कागदाने झाकला होता.

मी काचेवर वाकून चित्र पाहिलं. किती वेळ पाहिलं, मला ठाऊक नाही. रेघांच्या जाड्या तीन, आणि तिन्ही शेवटपर्यंत एकसारख्या. अशा विमानाच्या पोटाला मध्यावर एक पायरी लागते, नाहीतर पाणी त्याला चिकटून राहतं, वर सोडत नाही. ती पायरी इथे सरळ नव्हती, टोकदार होती, आणि तिच्या मागे हवा आत घ्यायला दोन बारीक नळ्या काढल्या होत्या. कुणीतरी रात्रंदिवस डोकं खाजवून काढलेली गोष्ट होती ती.

ग्रेगला बोलावलं. "हे उडलं नसतं, असं कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ओह, हे सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही गणित केलं आहे?"

तो हसला. "मॅडम, लोकांना जरा गंमत लागते."

"बाकीची पस्तीस कुठे आहेत?"

तो मागे घेऊन गेला. बॉयलरच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून, झाडूंच्या शेजारी एक पुठ्ठ्याचं पिंप. त्यात गुंडाळ्या. रबर बँड लावलेल्या! रबर वितळून लिननला चिकटलं होतं. मी एक गुंडाळी जरा उलगडली तर शाईचे पापुद्रे माझ्या पदरावर पडले. मोजल्या: तेवीस.

"बारा कमी आहेत."

हसू तसंच ठेवून तो म्हणाला, "काही साधारण सारखीच होती. एक डेकोरेटर रेस्टॉरंटं सजवतो, त्याला दिली. छप्पर गळत होतं, खर्च होता. न्यू जर्सीत कुठेतरी एका इटालियन ठिकाणी लावली आहेत म्हणे, छान दिसतात."

मी पर्समधून पत्र काढलं. 'विकणार नाही' या ओळीवर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "ही सदिच्छा होती. हे काही कॉन्ट्रॅक्ट नाही."

इथे माझं इंग्रजी संपलं. मला इंग्रजीत बोलता येतं, शिकवता येतं, भांडता येत नाही. मी मराठीत सुरू झाले. "लाज नाही वाटत? एका बाईने विश्वासाने दिलेली वस्तू तुम्ही झाडूशेजारी ठेवता? ज्याला रेघ मारता येत नाही त्याने रेघ मारणाऱ्याला हसायचं?" आणखीही बरंच. ग्रेगला एक अक्षर कळलं नसेल, पण हसू गेलं. लोक जमले. निखिल माझा दंड धरून म्हणत होता, "आई, प्लीज, सीन नको करूस. आई, चल."

बाहेर पडताना दाराशी अभिप्रायाची वही होती. 'वंडरफुल', 'सो मच फन' अशी सगळी सुंदर मतं. मी तिच्यात दोन पानं भरून मराठीत लिहिलं. सही केली. हुद्दाही घातला. तिसरं पान सुरू करणार, तर निखिलने पेन काढून घेतलं, मला गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

पेनसिल्व्हेनियातून

तो रस्ता फार सुंदर आहे असं म्हणतात. डोंगर, जंगल, मधूनच पांढरी चर्चं. मी काही पाहिलं नाही. आम्ही भांडत होतो.

"आई, आपण इथे गेस्ट आहोत. माझी ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. त्याने पोलिसांना कॉल केला असता तर?"

"कशाबद्दल? चोरी त्याने केली की मी?"

"आजकाल इथे आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने आवाज चढवला की लोक घाबरतात. तुला कल्पना नाही, यार!"

"मी तुझी यार नाही."

मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. "तू पण डिझाइनचंच काम करतोस ना? तुला त्या रेघा बघून काहीच वाटलं नाही? की आता नुसती बटणं दाबून दाबून हातातलं ते गेलंच आहे?"

त्याने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं, की बोटं पांढरी पडली. पुढचे दोन तास गाडीत फक्त इंडिकेटरचा आवाज.

आयसेलिन

आयसेलिनचा ओक ट्री रोड म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजाराचा तुकडा उचलून आणून धुऊन ठेवल्यासारखा. साड्या, दागिने, मिठाई, ताजी मेथीसुद्धा. प्रशांत, म्हणजे निखिलचा मित्र, तिथून जवळच राहतो. नवं घर, वास्तुशांत. मुंबईचे गुरुजी गाडीतून लॅपटॉपची बॅग घेऊन उतरले. बॅगेत पोथी. होम अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. पहिली समिधा पडली आणि छताला लावलेल्या, धुराचा इशारा देणाऱ्या यंत्राने कानठळ्या बसवल्या. प्रशांत स्टुलावर चढून त्याच्यावर टॉवेल झटकत होता आणि गुरुजी आवाज चढवून मंत्र म्हणत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. पण मी तिथे जमलेल्या प्रत्येकाला एकच विचारत होते: इकडे विमानांची चित्रं लावलेलं इटालियन हॉटेल कुठे आहे का हो?

प्रशांतच्या बायकोने पाणी ओतता ओतता सांगितलं, "काकू, आमच्या ऑफिसचे लंच जिथे होतात ना, तिथे आहेत बघा. रेस्टरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये."

रेस्टरूम म्हणजे संडास. अमेरिकेत त्याला विश्रांतीची खोली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. निखिलला यायचं नव्हतं. पण मी एकटी चालत जाईन म्हटल्यावर आला. जाताना गाडीत म्हणाला, "तू बोलायचं नाहीस. प्रॉमिस कर." मी केलं.

चित्र तिथेच होतं. पुरुष असं लिहिलेल्या दाराशेजारी सोनेरी चौकटीत विमानाचं नाक आणि कॉकपिट. पलीकडे, बायका असं लिहिलेल्या दाराशेजारी, शेपूट. एकच चित्र, मधोमध कापलेलं. तिसऱ्या चौकटीत, हात धुवायच्या बेसिनवर, त्याच चित्राचा खालचा तुकडा, पोटाची ती पायरी. चौकटीच्या मापात बसावं म्हणून खालचा उजवा कोपरा कापून टाकला होता. ड्रॉइंगमध्ये नावाची चौकट त्याच कोपऱ्यात असते. काय आहे, कुणी काढलं, कुणी तपासलं, सगळं तिथेच. लिननवर साबणाच्या पाण्याचे शिंतोडे वाळले होते.

प्रॉमिस पाळलं. मी बाहेर येऊन टेबलाशी बसले. निखिल माझं तोंड बघून आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तो एकटा नाही, मालकाला घेऊन. विन्स नाव, धिप्पाड, ॲप्रन बांधलेला.

विन्स मला म्हणाला, "तुमचा मुलगा म्हणतो, ती चित्रं काढून द्या. मी ती रीतसर विकत घेतली आहेत. आणि तुम्ही काय इटालियन आहात? तुमचा काय संबंध?"

मी निखिलकडे पाहिलं. आता हा सॉरी म्हणेल आणि मला उठवेल, असं मला वाटलं.

निखिल म्हणाला, "मी सीट डिझाइन करतो. तीन वर्षं एकाच सीटवर काम केलं. पाठ दुखणाऱ्या माणसांसाठी. मागच्या महिन्यात प्रोजेक्ट कॅन्सल केलं. एका ईमेलमध्ये. दुसऱ्या दिवशी मला माझ्याच फाइल्स उघडता येईनात, ॲक्सेस काढून घेतला होता. मी घरी कुणाला सांगितलं नाही. आईलापण नाही." त्याचा आवाज चढत गेला. सगळं हॉटेल बघत होतं. "मला माहीत आहे न बांधलेली गोष्ट काय असते! ती कुणाच्यातरी डोक्यात तीन वर्षं उभी असते! ती कापून संडासात टांगायची नाही!"

हे सगळं तो इंग्रजीत बोलला. त्याला इंग्रजीत भांडता येतं. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी जिभेला चटका बसल्यासारखं झालं. बटणं दाबून दाबून, असं म्हणाले होते मी त्याला.

मी विन्सला पत्राची झेरॉक्स दिली. त्याने उभ्याने वाचली. मग खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी बसला. "डेकोरेटर म्हणाला, इटलीचं काहीतरी जुनं आहे," तो म्हणाला. "माझा आजोबा इटलीहून आला. विटा रचायचा. मला इटालियन वाचता येत नाही. मला वाटलं, कुठल्यातरी कारखान्याची रद्दी."

"नाव कापलं तुम्ही त्याचं," मी म्हणाले. "जीनो नाव होतं त्याचं."

"ते कापलेलं आलं." त्याने पत्रावरच्या नावावर बोट ठेवलं. "बाई अजून जिवंत आहे?"

"आहे. टोमॅटो लावते."

तो उठला, स्वतः गेला आणि तिन्ही चौकटी काढून घेऊन आला. भिंतीवर तीन फिकट चौकोन राहिले. उरलेली अकरा चित्रं कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. डेकोरेटर धंदा बंद करून निघून गेला होता. वर विन्सची अट अशी, की जेवल्याशिवाय जायचं नाही. मांस चालत नाही म्हटल्यावर वांग्याच्या कापांवर टोमॅटोचा रस्सा आणि चीज घालून भाजलेलं काहीतरी पुढे ठेवलं. मी रागातच खायला सुरुवात केली. फार चांगलं होतं, त्याचाही मला राग आला.

परत येताना मी निखिलला म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"तू म्हणाली असतीस, सीटच तर होती."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण कदाचित मी तसंच म्हणाले असते. म्हणून तो गाडी चालवत असताना नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्कळ मैल ठेवला.

पुन्हा ट्रॉय

एल्साबाईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही चौकटी उघडल्या आणि तिन्ही तुकडे जवळ आणले. नाक आणि शेपूट यांच्यामध्ये चार बोटं जागा कायमची गेली होती. एल्साबाईने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक लिननला टेकेल इतकी वाकली. मी मात्र बोलतच होते. बॉयलरची खोली, टबाची पाटी, ग्रेगचं हसू, सगळं सांगून शेवटी म्हणाले, "आणि सगळ्यात वाईट म्हणजे जीनोचं नाव कापून टाकलं. मी त्या ग्रेगला सोडणार नाही. जीनोचं नाव लावायलाच लावीन."

एल्साबाई सरळ झाली. "जीनोचं का?"

"त्याची चित्रं ना."

"जीनो पत्रा ठोकायचा. फार छान ठोकायचा. मी काढलेलं तो बांधणार होता." ती तुकड्यावरच्या पायरीवर बोट फिरवत होती. "ही माझी आहेत. सगळी छत्तीस. त्या कोपऱ्यात जीनोचं नाव नव्हतंच. मोठ्या इंजिनीअरचं होतं. त्याने आयुष्यात कधी पेन्सिल धरली नाही. कापलं ते बरं झालं."

"पण तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस, प्रोफेसोरेसा. तो संग्रहालयवालाही आला तो 'नवऱ्याचे कागद' म्हणतच आला. पन्नास वर्षं दुरुस्त करून करून कंटाळले."

मी खुर्चीत बसले. चौतीस वर्षं दर जूनमध्ये नवा वर्ग मला विचारायचा, "मॅडम, ड्रॉइंगचे सर कधी येणार?" चौतीस वर्षं मी त्या प्रश्नावर जळले. आणि तिने माझ्यासमोर किराण्याच्या पिशवीवर ती रेघ मारून दाखवली होती. ती रेघ मला ओळखू आली, बाई मात्र दिसली नाही. दोन राज्यं ओलांडून, लोकांवर ओरडून, पोराला रडकुंडीला आणून मी भांडत होते ते चुकीच्या नावासाठी. ग्रेगवर आला त्याच्या दुप्पट राग मला माझ्यावर आला, आणि तो कुठे ओरडून काढायचा ते कळेना.

"मग आता तुमचं नाव लिहा," मी म्हणाले. "इथेच, काठाला."

"मूळ चित्रावर मागाहून लिहीत नाहीत. तू शिकवत होतीस ना?" ती रागावली. "नवीन काढ."

"मी?"

"माझा हात बघ की!"

निखिलने ऑफिसातून ड्रॉइंगसाठीच्या पारदर्शक फिल्मचा मोठा ताव आणला. कॉम्प्युटर नको, असं एल्साबाईने त्याला बजावलं, आणि तो नुसता शेजारी बसून तावाचा कोपरा धरून राहिला. ग्रेगला आम्ही पत्र पाठवलं, निखिलने इंग्रजीत लिहिलेलं, एल्साबाईच्या सहीचं. तेवीस गुंडाळ्या परत मागितल्या आहेत. त्याचं उत्तर आलं, की कमिटी विचार करेल. तो विचार अजून चालू आहे. निखिल दर पंधरा दिवसांनी नवं पत्र पाठवतो.

ताव पुरा व्हायला तीन आठवडे लागले. मधली चार बोटं एल्साबाईला पाठ होती. ती डोळे मिटून मापं सांगायची, मी काढायची. शेवटच्या दिवशी खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. 'कुणी काढलं' या घरात तिचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. स्पेलिंग विचारलं. तिने एकेक अक्षर सांगितलं. आडनावात दोन 'टी' होते, मी घाईत एकच लिहिला.

तिने पाहिलं. ड्रॉवरमधून ब्लेड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"खरवड," म्हणाली. "आणि नीट लिही."